ओटीतली वांगी

नागपूरच्या बेसा भागातल्या त्या घरामागची बारा बाय वीस फुटांची जागा सात वर्षं नुसती पडून होती. बांधकाम संपलं, कंत्राटदार गेला, आणि त्याचं डबर तेवढं आठवण म्हणून मागे राहिलं. भावनाला तिकडे बघायलाही फुरसत नव्हती. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं दाखले लिहिणाऱ्या बाईला माती दिसायची ती फक्त पोरांच्या बुटांना लागलेली. पण मागच्या वर्षी तिची आई पंचफुला गेली, वडील कायमचे हिच्याकडे राहायला आले, आणि घरात अशी काही शांतता येऊन बसली की तिच्यापासून पळायला कुठेतरी जागा हवीच होती. भावना मागच्या दारातून बाहेर पडली आणि खणायला लागली.

खणलं म्हणजे काय, पहिले दोन रविवार विटांचे तुकडेच निघाले. मग फुटक्या फरश्या, गोठलेली सिमेंटची पिशवी, कुण्या मिस्त्र्याची एक चप्पल. त्याखाली काळी माती लागली तेव्हा तिने नवऱ्याला हाक मारली. आनंदराव मोबाइलवर बागकामाचे व्हिडिओ पाहत होते. त्या बाबतीत ते तिच्या पुष्कळ पुढे गेले होते. त्यांनी हातमोजेही मागवले होते. घातले मात्र नव्हते.

भाजी लावणं सोपं असतं, असं तिला वाटलं होतं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, हवा म्हणून तिने धणे अख्खेच पेरले. ते रगडून, दोन फाका करून पेरायचे असतात हे कळेस्तोवर तीन आठवडे कोऱ्या मातीला पाणी देऊन झालं होतं. मेथी तिने पोह्यांवर शेव टाकावी तशी टाकली. ती दाटीवाटीने उगवली आणि पिवळी पडली, पण उगवलेलं उपटून विरळ करायला हिचा हात होईना. मिरचीला दोन वेळा पाणी पाजून पाजून तिने मारलं. जगली ती वांगी. श्रावणात लावलेली सहा रोपं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकता येईल इतकी जवळ.

मागच्या वऱ्हांड्यात खुर्ची टाकून तिचे वडील बसलेले असत. वय चौऱ्याऐंशी. घरचेच काय, सगळा मोहल्ला त्यांना बापूजी म्हणायचा. ते बघत असत आणि बोलत नसत. नुसता जबडा हलायचा, काहीतरी चावून गिळून टाकल्यासारखा. एकदाच म्हणाले,

“भाजीवाला मेला का वं?”

“नाही, बापूजी. आवड म्हणून करून राहिली.”

“आवड!” ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

त्यांचा हा राग तिला नवा नव्हता. नरखेड तालुक्यातलं गाव सोडून ते चोविसाव्या वर्षी नागपुरात आले आणि गिरणीत लागले. वस्तीत ज्याच्या त्याच्या कवेलूच्या छपरावर दोडक्याचा नाहीतर भोपळ्याचा वेल चढलेला असे, यांच्या नाही. पंचफुलाने एकदा डब्यात पुदिना लावला, तर तो डबा त्यांनी तिला शेजारी देऊन टाकायला लावला होता. “चिखलातून हात काढाले गाव सोडलं मी,” ते म्हणत. “माह्या लेकरांच्या नखात माती दिसली नाही पाह्यजे.” आणि नखं ते खरोखरच बघत, रोज संध्याकाळी, दिव्याखाली. भावना आणि तिचा मोठा भाऊ धर्मेंद्र शिकले, नोकरीला लागले, ते त्या नखांच्या धाकाने. गावाविषयी याहून जास्त शब्द घरात कधी निघाला नाही. पंचफुलाही बोलली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी भावना शाळेतून आली. साडी बदलायची होती, चहा टाकायचा होता. पण मागचं दार उघडलं आणि तिला वांगी दिसली. जांभळी, तेल लावल्यासारखी चकचकीत, पानांखाली लपून बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तिच्या हाताने पिकलं होतं. टोपली आणायला जाण्याइतकाही धीर तिला राहिला नाही. तिने तशीच खाली बसून वांगी तोडली, पदराची ओटी केली, त्यात ती घातली, आणि दोन्ही हातांनी ओटी पोटाशी धरून पायऱ्या चढली.

बापूजी चहा पीत होते.

“पाहा, बापूजी! अकरा निघाले.”

बशी कलंडली. चहा त्यांच्या धोतरावर सांडला, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते तिच्या पोटाशी धरलेल्या पदराकडे बघत होते.

“खाली टाक.”

“काय?”

“ओटीतलं. खाली टाक म्हनतो ना! आत्ता!”

भावनाला वाटलं, पदरावर विंचू-बिंचू आहे. तिने पदर सोडला. वांगी पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. तोवर बापूजी आत पोचले होते आणि आनंदरावांना सांगत होते, “धर्मेंद्राले फोन लावा, जावईबापू. मले घेऊन जा म्हना. इथं नाही राहत मी.”

धर्मेंद्र रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. तिथे मातीचा कण नव्हता.

मधले दिवस कसे गेले ते भावनाच जाणे. बापूजी वरण-पोळी खात, वांग्याच्या भाजीची वाटी न बोलता बाजूला सरकवत. बुधवारी त्यांनी स्वतःच कपड्यांची बॅग भरून दाराशी ठेवली. आनंदराव म्हणाले, “दोन महिन्यांनी राग उतरला की येतील परत.” चौऱ्याऐंशीच्या माणसाचे दोन महिने म्हणजे काय ते भावनाला कळत होतं. आई गेली तेव्हा ती शाळेत होती, दाखल्यावर शिक्का मारत होती. वडिलांच्या वेळी तरी आपण हाकेच्या अंतरावर असू, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. आणि ते सहा झाडांपायी हातचं निघून चाललं होतं. सहा झाडं! बाजारात वांग्यांना काय तोटा होता?

शनिवारी दुपारी तिने कुदळ घेतली आणि वाफ्यात उतरली. पहिल्याच झाडाच्या बुडाशी एक घाव घातला. फांद्या हादरल्या, दोन फुलं पडली.

“काय करून राहिली वं?” वऱ्हांड्यातून आवाज आला.

“उपटून राहिली.”

“काहून?”

“काहून म्हणजे? यांच्यापायी तुम्ही जाऊन राहिले ना? मग हे कशाले ठेवू?”

तिने परत कुदळ उचलली. मागे काठीचा आवाज झाला. बापूजी पायऱ्या उतरत होते, अनवाणी. वर्षभरात त्यांनी त्या मातीवर पाय ठेवला नव्हता.

“ठेव थे खाली. फळावरचं झाड हाय ना! फळावरच्या झाडाले कोनी कुदळ लावते का? अक्कल हाय का नाही?” त्यांना दम लागला. “दुसऱ्याच्या वावरात राबलो, तरी फळावरचं झाड नाही उपटलं मी कधी.”

खणताना निघालेल्या विटांचा कोपऱ्यात ढीग होता. त्यावर ते बसले. भावना कुदळ धरून उभीच राहिली. ते त्या घाव घातलेल्या झाडाकडे बघत होते. मग वाकून त्यांनी बुडाशी माती ओढली, मुठीने दाबली, आणि हात तिथेच ठेवून बोलायला लागले.

“सालदार होतो मी. वर्षाच्या बोलीवर, मालकाच्या घरी. तुही माय त्याच्याच वावरात निंदाले जाये. दिवसभर गवत काढाचं, उकिडवं बसून. सांजच्याले बाया धुऱ्यावर, बांधावर, रांगेत उभ्या करत. ओट्या पाहाले. शेंगा-भाजी घेऊन जाऊन राहिल्या का म्हनून.” त्यांनी बुडाशी परत माती ओढली. “पन मालक आमच्या बायांले हात कसा लावन? त्याले बाटाची भीती. मले म्हने, तुमच्या बाया हायेत, तूच पाह्य.”

“तुम्ही?”

“मीच. रोज. मी काय पाहतो! ओटीकडे डोळेच नेत नव्हतो. काही नाही मालक, म्हनून मोकळा होत जाओ. बायांलेही ठाऊक होतं.” जबडा हलला, पण या वेळी शब्द गिळले गेले नाहीत. “त्या दिवशी थो जवळच येऊन उभा राहिला. माह्या खांद्याशी. तुह्या मायची ओटी फुगलेली दिसे. तशी थे पोटुशी होती, सहावा महिना. मालक म्हने, खोल. खोलली मी. दोन वांगे होते. मोठेही नाही. एवढे एवढे.” त्यांनी मातीने माखलेला अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. “डोहाळे लागले होते तिले. मले सांगे, वांग्याची भाजी खावं वाटते म्हने. म्या काढले, धुऱ्यावर ठेवले. ह्या हातानं.”

शेजारच्या प्लॉटवर कुणी सळ्या कापत होतं. तो आवाज थांबेपर्यंत तेही थांबले.

“छप्पन साली दीक्षा घेतली, तव्हा सोळा वर्षांचा होतो. आठ वर्षं झाली होती त्याले. मनानं वाकत नव्हतो मी, पोरी. पोटानं वाकत होतो.”

“माय काय म्हणाली?”

“काही नाही. घरी आली, भाकर टाकली, मले वाढली. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. चौथ्या दिवशी नागपूरले आलो. साठ वर्षं संसार केला तिनं माह्यासंगं. त्या वांग्यांचं एक अक्षर काढलं नाही. अन् मीही नाही. आता कोनाजवळ काढू?”

भावनाला रडू आलं नाही. तिने मनात हिशेब केला, सहावा महिना, ते साल. पोटात धर्मेंद्र होता. मंगळवारी पदर पोटाशी धरून आपण पायऱ्या चढलो तेव्हा या माणसाला कोण येताना दिसलं असेल, ते तिला आता दिसलं. ती त्यांच्याशेजारी विटांवर बसली.

वाफ्यावरून नजर फिरवून ते म्हणाले, “ही जागा कोनाच्या नावानं हाय?”

“माझ्या. कर्ज माझ्या पगारावर होतं ना. यांचं नाव खाली आहे.”

“दाखव.”

“आत्ता?”

“मंग का मेल्यावर?”

कपाटाची किल्ली आनंदरावांनी जिथे जपून ठेवली होती ती जागा त्यांनाच आठवेना. शेवटी रजिस्ट्रीची फाइल आली. बापूजींनी चष्मा लावला. रात्रशाळेत शिकलेलं वाचन, एकेक अक्षर बोटाखाली धरून त्यांनी ते नाव वाचलं. भावना आनंदराव मेश्राम. कागदावर मातीचं बोट उमटलं. आनंदरावांनी पुसायला रुमाल काढला, आणि परत खिशात ठेवला.

“हा वाफाही यातच येते?”

“कंपाउंडच्या आतलं सगळं येते, बापूजी.”

“इथून कोनी काही तोडलं, तं कोनी इचारत नाही?”

“कोण विचारणार?”

त्यांनी फाइल मिटून परत दिली. जातो म्हणाले नाहीत, राहतो म्हणाले नाहीत. बॅग दाराशी होती तशीच राहिली. विचारायची भावनाची हिंमत झाली नाही. रात्रीच्या जेवणात वांगं नव्हतंच.

रविवारी ती उठली तेव्हा बापूजी वाफ्यात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मेथी विरळ करत होते. निम्म्याहून जास्त रोपं त्यांनी निर्दयपणे उपटून टाकली होती. “दाटीत कोनी वाढत नाही,” वर न बघता ते म्हणाले. “पोराइतकी माया कराची नाही पेरलेल्यावर.” मग वांग्यांकडे सरकले. तोडताना देठ पिळत नव्हते, नखाने हलकेच खुडत होते. तिला वाटलं आपण जवळ जावं. ती गेली नाही. चहा तेवढा नेऊन ठेवला.

अकराला धर्मेंद्र आला. साठीचा, नुकताच निवृत्त झालेला, केसांना मेंदी लावलेला. चहा संपवून त्याने बॅग उचलली. “चला, बापूजी.”

बापूजी आतून आले. हातात कापडी पिशवी होती, गच्च भरलेली.

“थे बॅग ठेव. मी काही येत नाही.”

“म्हणजे?” धर्मेंद्रचा आवाज चढला. “मी खोली रिकामी करून घेतली! संडासात दांडी बसवली तुमच्यासाठी!”

“राहू दे दांडी. म्हातारा तूही होशीनच.”

आनंदरावांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात बुडवलं. भावनाने मात्र दाराची चौकट धरली होती, घट्ट.

“हे घेऊन जा,” बापूजींनी पिशवी पुढे केली.

धर्मेंद्रने आत डोकावलं. “वांगी? बापूजी, मी जन्मात वांगं खाल्लं नाही. मले चालत नाही, माहीत आहे ना तुम्हाले?”

“नको खाऊ.”

“मग?”

“घेऊन जा. तुह्ये हायेत थे.”

“माझे कसे? झाडं हिची.”

बापूजींचा पिशवी धरलेला हात तसाच पुढे होता आणि मागे जायचं नाव घेत नव्हता. धर्मेंद्रने बहिणीकडे पाहिलं. म्हातारचळ लागला यांना, असा काहीसा चेहरा करून. भावना म्हणाली, “घे ना दादा. घेऊन जा.”

त्याने पिशवी घेतली. गाडीपर्यंत तो कुरकुरतच गेला. बापूजींसाठी पुढची सीट मागे सरकवून, उशी ठेवून त्याने तयार केली होती. आता तिथे बसायला कुणी नव्हतं, म्हणून त्या उशीवर त्याने वांगी ठेवली. गाडी दारातून हलली तशी उघड्या काचेतून पट्टा न लावल्याची टिकटिक ऐकू येत होती. धर्मेंद्र थांबला, वाकला, आणि वांग्यांना पट्टा बांधून पुढे गेला.