खिशातल्या टिकल्या

नागपूरच्या डॉक्टरांनी आजच या म्हणून कळवलं होतं. माझ्या सुनेचे, नम्रताचे वडील, म्हणजे नाना, अतिदक्षता विभागात होते. शुद्ध होती तोवर तिला त्यांना भेटायचं होतं. म्हणून दिवाळी संपता संपता आम्ही सगळेच बिबवेवाडीहून लोहगाव विमानतळावर आलो.

तपासणीच्या रांगेत बंदी असलेल्या वस्तूंची पाटी होती. माझी नात वैष्णवी पहिलीत आहे, दिसेल ती पाटी मी तिला वाचायला लावतो. एकेका चित्राखालचं नाव तिने अक्षरं लावून नीट वाचलं.

"बाबा, तास संपला असेल तर पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवा," दत्तप्रसाद म्हणाला. हा माझा मुलगा.

सगळे पार झालो. वैष्णवी आत आली तेव्हा तपासणीचा दरवाजा वाजलाही नाही. आम्ही बॅगा उचलल्या, तर ती वळून महिला जवानाकडे गेली आणि फ्रॉकच्या खिशातून लाल कागदाची गुंडाळी काढली.

"पाटीवर फटाके आहेत. हे माझ्या खिशात राहिलं."

"ये क्या है?"

"टिकल्या. यात बारूद असते. ठोकली की हवा एकदम पसरते, म्हणून आवाज होतो. आजोबांनी सांगितलंय."

ती जवान हसली. तिच्यामागे उभे असलेले साहेब हसले नाहीत. "और है?"

वैष्णवीने विचार केला. "एक डबी मोठ्या बॅगेत टाकली होती. बहुतेक."

मोठी बॅग विमानात चढली होती. ती उतरवली, उघडली, नानांसाठी घेतलेली शालसुद्धा झटकून पाहिली. डबी नव्हतीच. ती घरी पलंगाखाली राहिली होती, हे नंतर कळलं. जबाब लिहून होईपर्यंत विमान गेलं. पुढचं संध्याकाळी होतं. नाना दुपारीच गेले.

फोन आला तेव्हा आम्ही तिथल्याच खुर्च्यांवर बसलो होतो.

"शहाणे, कुणी विचारलं होतं गं तुला?" दत्तप्रसाद म्हणाला.

"तिला कशाला बोलता?" नम्रता म्हणाली. "शिकवणारे बसलेत ना शेजारी." मग माझ्याकडे न बघता, "बाबा, आजपासून तुमची शाळा बंद."

बऱ्याच वेळाने वैष्णवी माझ्या कानाशी आली. "आजोबा, मी सांगितलं नसतं तर आई नानांना भेटली असती?"

नम्रता ऐकत होती. पोरांचा प्रश्न टाळायची मला सवय नाही.

"हो," मी म्हणालो. "भेटली असती."

वैष्णवी उठली आणि आम्हा तिघांपासून लांब, एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.