न फुटलेला तोफगोळा

मित्रांनो, मी एक जुना तोफगोळा आहे. पुढे येऊ नका, तिथूनच ऐका.

पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात बायकांनी माझ्या पोटात स्फोटक दारू भरली. त्या कामानं त्यांची बोटं पिवळी पडत. पुढे सरावाच्या मैदानात मला तोफेतून उडवलं. बरोबरचे सगळे फुटले. मी चिखलात रुतलो आणि तसाच राहिलो. मैदान बंद झालं, झाडी वाढली, मग घरं उठली. मी कुणाच्या लक्षातही राहिलो नाही.

यंदा त्यातल्या एका घरात यतीन राहायला आला. मूळचा नागपूरचा, जवळच्या पार्सिपनी गावात नोकरी करणारा इंजिनिअर. मेटल डिटेक्टर घेऊन तो अंगणात फिरला आणि माझ्यावर येताच यंत्र किंचाळलं. एखाद्या जुन्या पंपाचा तुकडा असेल, असं समजून त्यानं मला खणून काढलं, धुतलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं. माझा इतिहास शोधायला माझा फोटो घेऊन तो गावातल्या म्युझियममध्ये गेला.

इकडे त्याची मुलगी अनिका ब्रशनं मला घासू लागली. इतक्या वर्षांनी कुणी मला मायेनं हात लावत होतं आणि मी भीतीनं गोठलो होतो. पोटातली दारू अजून जिवंत होती.

पुढचं मला नंतर कळलं. म्युझियममधल्या वृद्ध बाईंनी फोटो पाहताच मला ओळखलं. त्यांचा धाकटा भाऊ असाच एक गोळा घासताना गेला होता. हा गोळा आता कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं.

यतीनचा फोन आला. अनिकाची आई, मालिनी, तो ऐकता ऐकता दारातच थबकली.

"अनिका, ब्रश ठेव. त्याला हात लावू नकोस. माझ्याकडे ये."

"बट आई, लेटर्स दिसायला लागलीयेत."

"हो बाळा. हळू ये."

अनिकानं हात काढला आणि माझा आधार गेला. मी गडगडत निघालो. मालिनीनं लेकीला ओढून पोटाशी धरलं. सिंकच्या कडेवर आदळून मी थांबलो.

फुटलो नाही.

दोघी अनवाणीच रस्त्यावर पळाल्या. मग पोलीस आले, शेजारची घरं रिकामी झाली. जाड कपडे घातलेल्या एका माणसानं मला अलगद उचलून वाळूच्या पेटीत ठेवलं.

आता मी एका ओसाड खाणीत आहे. मला लांबूनच फोडता यावं म्हणून वायर जोडून सगळे दूर गेले आहेत. मित्रांनो, जमिनीत सापडलेल्या वस्तूचा इतिहास जरूर शोधा. पण ती काय आहे हे ठाऊक नसेल तर हात लावू नका. मागे सरा, मोठ्यांना सांगा. आम्हाला घडवणारे निघून गेले, आमच्यातली आग मात्र इथेच राहिली. ती आज रिकाम्या जागी विझेल. मी तयार आहे.