पन्नाशीची शिट्टी

आप्पा चिडले की हात मिशीवर जायचा, आणि त्या सकाळी तो खाली यायचं नावच घेत नव्हता. अग्निशमन दलातल्या माणसाने पन्नाशीला घरी बसायचं, असा कायदा सरकार आणू पाहत होतं. आप्पांची पन्नाशी पुढच्या महिन्यात भरत होती. समिती आज केंद्रावरच सुनावणीला येणार होती आणि सगळ्या जवानांच्या वतीने आप्पाच बोलणार होते. म्हणणं साधं होतं: वय कशाला बघता, चाचणी घ्या. नापास होईल तो जाईल घरी.

"वय बघून मोडीत काढतात ते भंगार," ते जावयाला म्हणाले. "मी काय भंगार आहे?"

जावई त्याच केंद्रावर जवान होता, धुरात आप्पांचा जोडीदार. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण हा ग्रह सासऱ्याभोवतीच फिरायचा. आत शिरलं की त्याचा हात कायम आप्पांच्या खांद्यावर. आप्पा लेकीला कौतुकाने सांगायचे, "नवरा तुझा, पण जीव माझ्यावर." आज मात्र तो मान खाली घालून बुटाचे बंद बांधत राहिला.

"आप्पा, आज नुसतं बोला. चाचणीचं काढू नका."

"का रे? सासऱ्यावर भरवसा नाही?"

त्याने दुसऱ्या बुटाचा बंद ओढला. आप्पांना त्याचा रागच आला.

समितीच्या अध्यक्ष बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग घेऊया की चाचणी. आत्ताच."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं आप्पांना झालं. ते तरातरा अंगणाच्या टोकाला निघाले. तिथे सरावाची धुराची खोली होती. मुखवटा लावून जोडीने आत शिरायचं, गोणीचा माणूस शोधून बाहेर आणायचा. मध्येच लांब शिट्टी वाजली तर हातातलं टाकून बाहेर पळायचं. लांब शिट्टी म्हणजे छत खाली येतंय, तिथे वाद नाही.

"दोघं दोन बाजूंनी जा," बाई म्हणाल्या. "कोणी कोणाला हात लावायचा नाही."

जावयाचा चेहरा पडला.

आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. आप्पा भिंतीच्या कडेने रांगत गेले आणि त्यांना गोणीचा पाय सापडला. म्हणे भंगार! त्यांनी गोणी ओढली, ती कशाला तरी अडकली, ते सोडवत बसले. मुखवट्यातल्या आपल्या श्वासापलीकडे सगळं कसं शांत होतं.

मग खांद्यावर हात पडला. नेहमीसारखा दोनदा दाबला गेला. म्हणजे, चला बाहेर. आज हात लावायचा नव्हता. तरी त्याने लावला होता. आप्पा गोणी सोडून त्याच्यामागून बाहेर आले.

शिट्टी वाजवणाऱ्या जवानाचा चेहरा फुंकून फुंकून लाल झाला होता. जावयाने घाईने मुखवटा काढला.

"चूक माझी, मॅडम. माझा मुखवटा सरकला, मी अडकलो. माझ्यासाठी आप्पा थांबले."

जवानांनी माना डोलावल्या. एकानेही आप्पांच्या नजरेला नजर दिली नाही. आप्पांनी तोंड मिटून ठेवलं असतं, तर बाजी मारली होती.

"वाजव पुन्हा," ते शिट्टीवाल्याला म्हणाले. त्याने जावयाकडे पाहिलं. "त्याच्याकडे काय बघतोस? वाजव!"

त्याचे गाल फुगले. बाईंनी कानांवर हात ठेवले. माणसांचं बोलणं आप्पांना नीट ऐकू यायचं, पण हा चिरका सूर बारीकसाच आला, दोन गल्ल्या पलीकडून आल्यासारखा.

"कधीपासून?" त्यांनी जावयाला विचारलं.

"गोदामाच्या आगीपासून."

त्या आगीत दोघांच्या पाठीमागे छत कोसळलं होतं. जावयाला आपण ओढून बाहेर काढलं, ही गोष्ट आप्पांनी आल्यागेल्याला सांगितली होती.

"तेव्हा शिट्टी ऐकून तू बाहेर पोचला होतास?"

"हो."

"आणि परत आत आलास."

"घरी काय तोंड दाखवलं असतं?"

आप्पा बाईंकडे वळले. "मॅडम, मघाचं माझं बोलणं खोडा. चाचणी नको. चाचणी आमचीच माणसं घेणार, आणि ती एकमेकांसाठी जीव देतील, पण एकमेकांना नापास करणार नाहीत. कायद्याने तारीखच ठरवा. तारखेला माया नसते."

"आप्पा, आमचा घात केलात," मागून कोणीतरी म्हणालं. केलाच होता. आप्पांनी ते निमूट ऐकून घेतलं आणि हेल्मेट काढून जावयाच्या हातात दिलं.

"अजून महिना आहे, आप्पा," जावई कळवळून म्हणाला.

"आणि महिन्यात आग लागली तर? येणार नाहीस परत आत?"

जावयाला नाही म्हणता आलं नाही.