भिंतीवरचं खेचर

उद्घाटनाला चार दिवस उरले होते, तेव्हा वच्छलाबाई स्मृतिमंदिरात पहिल्यांदा गेली. वरवंडच्या पुढं, हायवे सोडून आत तिचं गाव. गावची तीन पोरं सैन्यात गेली आणि परत आली नाहीत. त्यांच्यासाठी शाळेशेजारी काळ्या दगडाची आठकोनी खोली उभी राहिली होती. वर घुमट, घुमटाला मधोमध काच. त्या काचेतून ऊन आत पडायचं आणि दिवसभर भिंतीभिंतीवरून सरकत जायचं. तीन भिंतींवर तिघांची पुरुषाहून हातभर उंच चित्रं होती. ती काढली होती दौंडच्या मोनिकानं. तिथल्या रेल्वे कॉलनीतल्या चर्चच्या भिंती तिनंच रंगवलेल्या, ते काम बघूनच गावानं तिला बोलावलं होतं.

वच्छलाबाई तिसऱ्या भिंतीपुढं उभी राहिली. गोरापान, मिशीला पीळ दिलेला जवान बंदूक रोखून उभा होता. पायाशी नाव होतं, हनुमंत.

"ह्यो कोन?" तिनं विचारलं.

मोनिका शिडीवरून उतरली. "तुमचा मुलगा ना, मावशी?"

"माझा हनुमंत माझ्यासारखा काळा. मिशी त्याला फुटलीच न्हाई नीट. आन् हातात बंदूक कशाला? त्यो खेचरं घिऊन वर डोंगरातल्या चौकीवर जायचा. दाणा-पाणी, रॉकेल, समदं खेचरावर. दरड आली तवा बी हातात कासराच व्हता."

मोनिकाचा चेहरा उतरला. "मला कमिटीनं एकच फोटो दिला होता, दुसऱ्याच कुणाचा तरी. म्हणाले, तिघंही असेच काढ."

कमिटीचा अध्यक्ष इंद्रजीत बाहेर मांडववाल्याशी बोलत होता. वच्छलाबाईनं त्याला आत बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, पाहुणे येणार, टीव्हीवाले येणार. शहिदाच्या शेजारी खेचर दिसलं तर लोक काय म्हणतील? धनगराचं पोर तिथं बी जनावरंच वळत व्हतं, असं म्हणतील. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

हे ऐकलं आणि वच्छलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. सासऱ्यानं घोडनदीपासून भीमेपर्यंत मेंढरं फिरवली होती. हनुमंतचा जन्मच मेंढरांच्या एका वाड्यावर, रानातल्या बाभळीखाली झालेला. यात लाज वाटावी असं काही तिला आजवर सापडलं नव्हतं.

"वळत व्हताच की," ती म्हणाली. "वरल्या पोरांच्या पोटात त्याच्यामुळं भाकर गेली. लोकांना हसायचंय त्यांनी हसावं."

"आता बदल व्हायचा न्हाई," इंद्रजीत म्हणाला आणि निघून गेला.

कोपऱ्यात पांढऱ्या प्रायमरची बादली होती. वच्छलाबाईनं पदर खोचला, रुंद ब्रश बुडवला आणि त्या गोऱ्या जवानाच्या तोंडावरून सरळ पट्टा ओढला. मोनिका पुढं आली, पण थांबली. हात पुरला तिथवर वच्छलाबाईनं भिंत पांढरी केली. मग ब्रश मोनिकाच्या हातात दिला.

"वरचं तू पूस, पोरी. माझा हात पोचत न्हाई."

मोनिकानं ब्रश घेतला. मग शिडी सरकवून वर चढली.

संध्याकाळी इंद्रजीत ओरडत आला. शहिदाची विटंबना केली, पोलिसात देतो म्हणाला.

"द्या की. मी त्याची आई हाय, आसंच लिवून द्या," वच्छलाबाई म्हणाली आणि दारातच फतकल मारून बसली.

पोलीस काही आले नाहीत. तीन दिवस ती तिथंच होती. मोनिका काढायची, ती सांगायची. खेचराचे कान अजून लांब. पाठीवर दोन्हीकडं डबे. हनुमंतचे खांदे जरा पुढं वाकलेले, कारण चढावर तो जनावराच्या आधी स्वतः जोर लावायचा, असं त्याच्या सोबत्यानं घरी येऊन सांगितलं होतं. डोळ्यांपाशी मोनिका तीनदा अडली. चौथ्यांदा वच्छलाबाई भिंतीला हात लावून उभी राहिली. तेव्हा मोनिकानं ब्रश धुतले.

उद्घाटनाच्या सकाळी वच्छलाबाई आत आली, तर तिसरी भिंत दिसेना. वरपासून खालपर्यंत फ्लेक्स टांगला होता. पाहुण्यांचं स्वागत, आणि त्यावर हात जोडलेला इंद्रजीत. पाहुणे, एक निवृत्त सुभेदार, दारात पोचलेच होते. मागं सगळं गाव.

वच्छलाबाईनं कुणाला विचारलं नाही. फ्लेक्सचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि अंगाचा भार टाकून ओढलं. खिळे तटातट उखडले. फ्लेक्स खाली आला.

मागून कोणीतरी खिदळलं. "अरे, खेचर!"

ती गर्रकन वळली. "व्हय, खेचर! आन् त्याच्या म्होरं माझा हनुमंत. ज्याला काय म्हनायचंय त्यानं हितं माझ्या तोंडावर म्हनावं."

सुभेदार पुढं आले. त्यांनी चित्रातल्या खेचराकडं बोट केलं.

"आम्ही वर होतो तेव्हा सकाळी आधी याच्या गळ्यातल्या घंटेची वाट बघायचो," ते म्हणाले, आणि पहिला हार त्यांनी हनुमंतपुढं ठेवला.

इंद्रजीत तिच्याशी आजही बोलत नाही. तिचंही त्यावाचून अडलेलं नाही. तो फ्लेक्स मात्र तिनं घडी घालून घरी नेला. तिच्या कडब्याच्या गंजीवर तो आता ताणून बांधलाय, छापील बाजू खाली करून.