काठोकाठ भरलेली बादली

"सर, मासा पाण्यात बुडून मरतो का?"

पैज चैतालीने लावली होती. विज्ञानाच्या तासाला हे विचारून दाखव, गरम लोचोची प्लेट माझ्याकडून! मला काय, वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणालाही काहीही विचारते. अख्खी नववी-ब खिदळली.

धर्मेंद्र सर हसले नाहीत. "मरतो ना. मरळ घ्या. ती डबक्यात राहते, तिथल्या पाण्यात प्राणवायू कमी. म्हणून पिढ्यान् पिढ्या तिचे कल्ले लहान होत गेले आणि कल्ल्यांच्या वर हवा धरणारा एक कप्पा तयार झाला. थोड्या थोड्या वेळाने ती तोंड वर काढून हवा घेते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. वर यायला जागा मिळाली नाही, तर पाण्यातच गुदमरते."

माझं हसू तिथंच संपलं.

"जिंकलीस ना गं, तोंड का पाडलंस?" चैताली मागून कोपर मारत होती.

तीन आठवड्यांपूर्वी आईने इथे गुजरातेत, आमच्या डिंडोलीच्या बाजारातून अनुसया मावशीकडची जिवंत मरळ घेतली होती. शनिवारी घेतली, कारण पप्पांना कापडाच्या लूमवरून सुट्टी रविवारी. मावशी आईच्या माहेरच्या गावची. "पानी थोडंच ठेव वं बेटा," तिने मला बजावलं होतं. मला वाटलं, काय कंजूष बाई! मरळीची दया येऊन मी बादली काठोकाठ भरली. उडी मारू नये म्हणून वर ताट, ताटावर वरवंटा. सकाळी मरळ पोट वर करून पडलेली.

ती पिशवीत घालून मी तडक बाजारात. "मरायला टेकलेली मासळी विकता? लोकांना फसवता?" आधी मराठीत, मग सगळ्यांना कळावं म्हणून गुजरातीत. काय जोरात बोलले मी! मावशी एवढंच म्हणाली, "काय व्हयनं वं बेटा?" आणि घमेल्यातली दुसरी मरळ काढून दिली. त्या घमेल्यात पाणी चार बोटंच होतं. माझ्या डोळ्यांसमोर होतं.

भोवतीची गिऱ्हाइकं पलीकडच्या बाईकडे सरकली, ती परत आलीच नाहीत. आईने मावशीशी बोलणंच टाकलं. आणि मी? मी हा किस्सा मैत्रिणींना हातवारे करून सांगत होते.

शाळा सुटल्यावर चैतालीने खरंच लोचो दिला. मी खाल्ला नाही. म्हणजे दोन घास खाल्ले, पण शपथ, चव लागली नाही.

घरी पप्पा जेवत होते. आई म्हणाली, "उद्या मासळी कडोदऱ्याहून मागवू. त्या लबाड बाईकडे नको."

"आई, ती लबाड नाहीये. मरळ मी मारली."

पप्पांचा घास हातातच राहिला. "काय सांगी ऱ्हायनी तू?"

मी सगळं सांगितलं. कल्ले, कप्पा, ताट, वरवंटा. आईचा चेहरा उतरत गेला. तीन आठवडे तिनेही गल्लीभर मावशीला काय काय म्हटलं होतं.

"झालं ते झालं," ती हळूच म्हणाली. "आता कुणापुढे बोलू नको. आपलीच अब्रू जाईल."

मी तीनदा वाक्य सुरू केलं आणि तीनदा अर्ध्यात सोडलं. स्टेजवर असं कधीच झालं नव्हतं.

"बोलणार," मी म्हणाले. "उद्या बाजार भरला की मावशीच्या घमेल्याशेजारी उभी राहून सगळ्यांना सांगणार, चूक माझी होती. तुम्ही दोघं आलात तर बरं. नाहीतर मी एकटी जाईन."