बोळक्याला दिलेली ऊब

"बल्ब कुणी लावला होता?" काकूंनी विचारलं, आणि डॉक्टरांनी शाळेतल्या पोरासारखी मान खाली घातली.

मीच, असं ते कसंबसं म्हणाले. वास्तविक हा माणूस असा मान खाली घालणाऱ्यातला नव्हे. गायीम्हशींचे डॉक्टर म्हणून त्यांचा केवढा दबदबा! कुठल्या गोठ्यात म्हैस अडली की आधी यांना बोलावणं जायचं, आणि हे खांद्यापर्यंत हात घालून रेडकू सुखरूप बाहेर काढायचे. आणि आज एवढ्या मोठ्या माणसाला वीतभर सॅलमँडरने काचेच्या टाक्या विकणाऱ्या बाईच्या दारात आणून उभं केलं होतं.

सॅलमँडर त्यांच्या लेकीचा. पाण्यातच राहणारा, पालीसारख्या अंगाचा, फिकट गुलाबी, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले आणि तोंडावर कायमचं बिनदातांचं हसू, म्हणून लेकीने नाव ठेवलं होतं बोळक्या. लेक शाळेच्या सहलीला नऊ दिवस गेली, ती जाताना निर्धास्त होती. घरात डॉक्टर असताना काळजी कसली? डॉक्टरांनाही हुरूप आला. पोरगी परत येईपर्यंत तिला काहीतरी मोठं द्यावं म्हणून त्यांनी टाकीला नवा जोरदार पंप बसवला. तिसऱ्या दिवशी बोळक्याने खाणं टाकलं आणि कल्ल्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी दिसायला लागलं. जनावर गार पडलंय, खात नाही, म्हणजे त्याला ऊब हवी. गारठलेल्या वासराला आपण देतोच की! त्यांनी टाकीवर बल्ब लावला. दोन दिवसांत कापूस दुप्पट झाला. मग मात्र त्यांचं धाबं दणाणलं. फोनवर एका मित्राने काकूंचं दुकान सांगितलं.

बोळक्याला आणलं होतं त्या डब्यात काकूंनी हात घातला नाही की चष्मा लावला नाही. नुसत्या वाकून बघत राहिल्या.

"शेपटीचं टोक बघा कसं मुडपलंय. कल्लेही पुढे वळलेत. हा काय आज आजारी पडलेला नाही. पाण्याला ओढ होती ना टाकीत?"

पंपाचं ऐकल्यावर त्यांनी फक्त "हं" केलं. ओढीच्या पाण्यात हा जीव दिवसरात्र वैतागतो, वैतागला की अंगात जोर राहत नाही, मग बुरशी धरते, आणि बुरशीला ऊब मिळाली की तिचं फावतंच, असं त्यांनी काच पुसता पुसता सांगून टाकलं. डॉक्टरांना वाटलं, आपण पाच वर्षं कॉलेजात नेमकं काय केलं?

बोळक्याचा मुक्काम दुकानातच पडला. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. तेच पाणी डब्यात. रोज सगळं बदलायचं. डब्याबाहेर ओल्या फडक्यात बर्फाची बाटली टेकवायची. सकाळ-संध्याकाळ जाड्या, आयोडीन नसलेल्या मिठाच्या पाण्यात मोजून दहा मिनिटं, की लगेच परत साध्या गार पाण्यात. दहाची अकरा झाली तर काकू डॉक्टरांकडे असं बघायच्या, की त्यांनी घड्याळ हातातून सोडलंच नाही. गोठ्यांची कामं उरकून ते दोन्ही वेळा यायचे आणि डबे धुवायचे. दुसरं काम त्यांना मिळतच नव्हतं.

दुकान बोळासारखं अरुंद होतं. एका बाजूला टाक्या, दुसऱ्या बाजूला काच कापायचं टेबल. नवरा गेल्यावर काच कापायची हिरकणी काकूंनी स्वतःच्या हातात घेतली, त्यात डाव्या करंगळीचं टोक गेलं. त्या एकदा रेघ मारायच्या आणि काच तिथेच तुटायची. पुन्हा रेघ मारताना डॉक्टरांनी त्यांना कधी पाहिलं नाही. कौतुक करायचं तर या बाईचं करावं, असं त्यांच्या मनात रोज यायचं आणि रोज तोंडातच राहायचं.

दुसऱ्या संध्याकाळी मिठाच्या पाण्यात बोळक्याचा एक कल्ला गळून पडला. डॉक्टर धुवायचा डबा तसाच ठेवून स्टुलावर बसले. किती वासरं दगावलेली पाहिली होती त्यांनी, पण हा एवढासा कल्ला त्यांना जड गेला. पोरीला काय सांगायचं?

"फुटेल तो परत," काकू म्हणाल्या. "यांचं बरं असतं. आपलं बोट गेलं की गेलं."

मग न विचारताच त्या बोलल्या. कुणी गिऱ्हाईक गाव सोडून जाताना सॅलमँडरची जोडी दुकानात ठेवून गेलं होतं, आठ दिवसांत नेतो म्हणून. आलंच नाही. थंडीचे दिवस होते, काकूंना दया आली. त्यांनी पाणी कोमट करून घातलं.

"दोन्ही माझ्याच हातून गेले. उबेनंच. तुम्ही निदान जिवंत असताना आणलात."

चौथ्या दिवशी कापूस उतरला. काकूंनी चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरला आणि बोळक्याच्या तोंडासमोर पाण्यात धरून ठेवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, गिऱ्हाईक येऊन ताटकळून गेलं. पाऊण तास त्या बाईचा हात हलला नाही. मग बोळक्याने टपकन तुकडा ओढला, आणि डॉक्टरांना चक्क टाळी वाजवावीशी वाटली.

डबा हातात देताना काकू म्हणाल्या, "पोरीला सगळं खरं सांगा."

डॉक्टर चाचरले. आता बरा झालाय, तर कशाला तिला उगाच, वगैरे.

"कशाला म्हणजे? बाबांनीच बरा केला असं तिला वाटेल. पुढच्या वेळी काही झालं की ती तुमच्यावर विसंबून बसेल, आणि तुम्ही बल्ब लावाल."

डॉक्टरांनी डबा छातीशी धरला आणि घराकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी लेक आली ती बॅगेसकट टाकीकडे धावली. डावीकडे दोनच कल्ले बघून तिचा चेहरा उतरला. मग बापाकडे वळून म्हणाली, "आजारी होता ना? तू बरा केलास, हो ना बाबा?"

किती सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं. पोरीच्या डोळ्यांत एवढा विश्वास होता की डॉक्टरांना तो बघवेना.

"नाही गं," ते म्हणाले. "मी बिघडवला." आणि त्यांनी सगळं सांगितलं. पंप, बल्ब, काकू, गळलेला कल्ला. मधलं काही गाळलं नाही.

लेक टाकीसमोर बसून काचेवर बोट टेकवत उरलेले कल्ले मोजायला लागली. रडली नाही, ओरडली नाही, हेच त्यांना जास्त लागलं. पाणी बदलायची वेळ झाली होती. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि डब्यात कालपासून उघडं ठेवलेलं पाणी वाटीवाटीने, धार न लावता, पंप काढलेल्या टाकीत ओतायला सुरुवात केली. एक वाटी जरा जोरात पडली.

"हळू," लेक म्हणाली.

"हो."

ती उठली. त्यांना वाटलं आता खोलीत जाईल आणि दार लावून घेईल. तिने स्टूल ओढलं, त्यांच्याजवळ बसली, आणि बोळक्यावर नजर ठेवून म्हणाली, "काकूंनी अजून काय काय शिकवलं ते सगळं सांग. पहिल्यापासून."