गाठीवरचं बोट

"आई, नोकरी शोधणाऱ्या बायकांच्या त्या वर्गाला जा. फुकट आहे," माझी पोरगी यारिसा म्हणाली. फुकट आहे म्हणजे त्यात काही नसणार, मी म्हटलं. तरी गेले. चर्चच्या हॉलमध्ये टाय लावलेला एक पोरगा आम्हा बायकांना सांगत होता, "तुमचं घर हेच तुमचं ऑफिस होतं! घरात जे शिकलात, ते मुलाखतीत सांगा." जळलं मेलं ते ऑफिस! माझ्या आईची उजवी बाजू लकव्यानं गेली, म्हणून मी हॉटेलातली सुपरवायझरची नोकरी सोडली आणि सहा वर्षं तिला न्हाऊमाखू घातलं. आता आई गेली होती, आणि पन्नाशी उलटलेली बाई आमच्या पुएर्तो प्लाता शहरातल्या एकाही हॉटेलाला नको होती.

पण नोकरी मिळायलाच हवी होती. यारिसाचं नर्सिंग अर्ध्यावर होतं. जानेवारीपर्यंत माझं काही जमलं नाही, तर ती कॉलेज सोडून कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये केस धुवायला जाणार होती. "पार्लर काय वाईट आहे?" ती म्हणायची. वाईट नाही गं बाई. पण आजीला सुई टोचताना तुझा हात कधी हलला नाही, ते तिथे कोण बघणार?

शेवटी एका नव्या हॉटेलात बोलावणं आलं. रिसेप्शनवर सुपरवायझरची जागा होती. मुलाखत घेणारा रँडी माझा मुलगा शोभेल अशा वयाचा, पांढरेशुभ्र दात. त्यानं विचारलं, "एवढी वर्षं काय केलंत, दोन्या बेल्किस?" दोन्या म्हणजे बाई, मानानं म्हणतात.

मग मी सांगितलं. नाताळच्या आधी आमचं सगळं घर पास्तेल, म्हणजे केळीच्या पानातल्या पुरचुंड्या, करायला बसतं. एकीनं कच्ची केळी किसायची, एकीनं ती पानावर थापायची, एकीनं खिमा भरायचा, उरलेल्यांनी पान दुमडून सुतळीनं बांधायचं. माझ्या दोन्ही बहिणी, नुरिस आणि दिल्सिया, एका फ्रिजवरून वर्षभर एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. आईची वाचा गेलेली. तिनं डाव्या हातातला चमचा ताटावर आपटला, दोघींकडे बोट केलं आणि सुतळी दाखवली. ती गाठ एकटीला धड जमत नाही. एकीनं आवळायची, तोवर दुसरीनं गाठीवर बोट दाबून धरायचं. आईनं भांडलेल्या दोघींना बरोबर तिथेच बसवलं.

"मग?" रँडी पुढे सरकला. "बोलल्या?"

"बोलल्या की! रडल्या, गळ्यात पडल्या," मी ठोकून दिलं.

कसल्या बोलतायत! नुरिस "बोट काढ" एवढंच म्हणाली, तेही पास्तेलकडे बघून. आईला पुरताना एक शवपेटीजवळ होती आणि दुसरी कबरस्तानाच्या फाटकापाशी.

रँडीनं चक्क डोळे पुसले. "याला म्हणतात नेतृत्व!" म्हणाला. मी हवेत तरंगतच घरी आले. यारिसाला म्हटलं, पार्लरवालीला कळवून टाक, म्हणावं दुसरी बघ. तिनं मला घट्ट मिठी मारली. त्या दिवशी आम्ही दोघींनी अंगणात बसून कॉफी प्यायली आणि उगीचच हसत राहिलो.

आठवड्यानं रँडीचा फोन आला. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली होती. "पण तुमची ती गोष्ट आमच्या मनातून जातच नाही. शुक्रवारी येऊन नव्या लोकांना सांगाल?"

मी त्याला चार शिव्या हासडायला हव्या होत्या. पण "येते" म्हटलं. आशा मेली चिवट असते. वाटलं, मोठा साहेब तिथे असेल, ऐकेल, म्हणेल, ही बाई आपल्याला हवी.

शुक्रवारी सुतळी घेऊन गेले. ठेवणीतला निळा झगा घातला. नव्या पोरापोरींना जोडीजोडीनं बसवलं, गाठी मारायला लावल्या. गोष्ट ऐकून सगळे हसले, रडले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी जागा जिला मिळाली ती पोरगी, मेलानी, नंतर मुद्दाम माझ्याजवळ आली. तिचा राग यावा म्हणून मी खूप प्रयत्न केला, पण पोर गुणी होती.

"माझ्या हाताखालच्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत हो. काय करू?"

मी सांगितलं. काय करायचं, काय नाही, सगळं नीट सांगितलं. ती मान डोलवत राहिली.

"तुमच्या बहिणींचं कायमचं मिटलं ना?"

"मिटलं तर!" मी म्हटलं.

मोठा साहेब आलाच नव्हता. रँडी दारापर्यंत सोडायला आला. "पुढच्या तुकडीलाही नक्की या हं! जेवण आमच्याकडे."

घरी आले तर यारिसा तिचा कॉलेजचा पांढरा गणवेश इस्त्री करत होती. शेजारची येसेनिया या वर्षी नर्सिंगला लागली होती, तिला द्यायचा होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"टाळ्या वाजवल्या."

"बरं," ती म्हणाली. तिनं कॉलरवर पाणी शिंपडलं आणि कडा सरळ बसेपर्यंत इस्त्री फिरवत राहिली.